एका थराचं देणं

नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी मला कधी भेटले नाहीत. त्यांचं क्षेत्र झाडांच्या साली आणि त्यांत दडलेली औषधं. ग्राफीनशी त्यांचा संबंध नव्हता. तरी ग्राफीनवरच्या माझ्या कामात मी कुणाकुणाचं देणं लागते याची यादी करायला बसले, की पहिलं नाव त्यांचंच येतं.

मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. केली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या जोडीला रुजू झाले. 1966 साली या दोघांनी एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढल्याचं जाहीर केलं आणि 1971 साली टॅक्सॉलची रचना जगापुढे मांडली. टॅक्सॉलचं नाव आज कर्करोगाच्या कुठल्याही वॉर्डात ऐकू येतं. कॅम्प्टोथेसिनची वाट मात्र खडतर होती. ते गाठीच्या पेशी मारत होतं, पण पाण्यात विरघळत नव्हतं. आणि जे पाण्यात विरघळत नाही ते शिरेतून द्यायचं कसं? सत्तरच्या दशकात त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच सांगाड्यावरून इरिनोटेकान आणि टोपोटेकान घडवली गेली. 1996 साली दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली. इरिनोटेकान शरीरात गेल्यावर त्याचा थोडासाच भाग एसएन-38 या खऱ्या मारक रेणूत बदलतो. मग तो रेणूच सरळ का देऊ नये? तर तोही पाण्यात विरघळत नाही. गाडं पुन्हा तिथेच अडलं.

हे सगळं कळायच्या कितीतरी आधी मला नरक्या माहीत होता, तो माझ्या मामांमुळे. मामा शाहूवाडीकडच्या डोंगरात वनरक्षक होते. नरक्या हे सह्याद्रीतलं मध्यम उंचीचं झाड, फुलांची घाण लांबूनच येते. या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे हे 1972 साली मुंबईत, गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं. त्याची परदेशातली मागणी वाढली, तसे चोरटे तोडणारे त्याच्या मागे लागले. मामांच्या चौकीसमोर एकदा पकडून आणलेल्या लाकडाचा ढीग पडला होता. "जळणाला बी कोण नेत न्हाई हे," मामा म्हणाले. "मग हेला पैसं देतंय कोण? शिकून मोठी झालीस की इचार कुणाला तरी."

मी ते विचारलं थेट एम.एस्सी.ला गेल्यावर, आमच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सरांना. सरांनी फळ्यावर पाच कड्यांचा सपाट रेणू काढला, वाणींचं नाव सांगितलं, वर "नंदुरबारचे, बरं का" अशी पुस्ती जोडली, आणि दुसऱ्या दिवशी एका शोधनिबंधाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. स्टॅनफर्डमधल्या होंगजी दाई यांच्या गटाचा तो 2008 सालचा निबंध. त्यांनी ग्राफीन ऑक्साइडचे अगदी बारीक तुकडे घेतले, रक्तातल्या क्षारांत त्यांचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या फांद्या लावल्या आणि त्या तुकड्यांवर एसएन-38 बसवलं. बसवलं म्हणजे कुठला रासायनिक बंध घातला नाही. रेणूही सपाट, थरही सपाट. दोघं आपसूक एकमेकांवर टेकले. जो रेणू पाण्याला शिवायला तयार नव्हता, तो या वाहनावर बसून पाण्यात फिरू लागला आणि आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर इरिनोटेकानपेक्षा शेकडो पटींनी जास्त मारक ठरला. मामांचा प्रश्न आणि सरांची झेरॉक्स यांच्यामध्ये कुठेतरी माझा विषय ठरून गेला. सर स्वतः त्या विषयात कधी उतरले नाहीत. त्यांच्या खोलीत अशा झेरॉक्सचे गठ्ठे असत. कुठला गठ्ठा कुठल्या विद्यार्थ्याला द्यायचा एवढं त्यांना नेमकं कळायचं. आमच्याकडे या गुणाला कुठलाही पुरस्कार नाही.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, षटकोनांची सलग जाळी. 2004 साली मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत सोलत तो थर वेगळा केला आणि 2010 साली त्यांना नोबेल मिळालं. ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही पाठ असते, म्हणून ती लांबवत नाही. पण औषधाच्या कामाला सहसा तो पट्टीवरचा थर येत नाही, ग्राफीन ऑक्साइड येतं, आणि त्याचं देणं फार जुनं आहे. 1859 साली ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यांनी ग्रॅफाइटचा अणुभार काढायच्या नादात त्यावर पोटॅशियम क्लोरेट आणि धूर सोडणारं नायट्रिक आम्ल चालवलं, त्यातून ग्रॅफाइट ऑक्साइड पहिल्यांदा हाती आलं. हे ब्रॉडी रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे वडील त्याच नावाचे नामांकित सर्जन. हाडातल्या एका प्रकारच्या गळवाला डॉक्टर अजून त्या वडिलांचं नाव लावतात. मुलाच्या त्या पिवळ्या भुकटीचा दवाखान्याशी संबंध यायला मात्र दीडशे वर्षं जायची होती.

आम्ही वापरायचो ती पद्धत 1958 सालची, हमर्स आणि ऑफमन यांची. ग्रॅफाइटची पूड, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, बर्फात ठेवलेलं भांडं आणि चिमूट चिमूट टाकायचं पोटॅशियम परमँगनेट. घाई केली, तापमान चढलं, तर स्फोटाची भीती. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की मळकट रंग जाऊन झळाळता पिवळा येतो. विद्यार्थ्यांना वाटतं, झालं! खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ते म्हणजे धुणं.

धुणं मला तात्यांनी शिकवलं. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. केली, तिथे तात्या लॅब अटेंडंट होते. साताऱ्याकडचे, शाळा फार न झालेले, पण काचसामानाला हात लावण्याची त्यांची रीत पाहावी. सेंट्रिफ्यूजमधून नळ्या काढायच्या, वरचं पाणी टाकायचं, नवं घालायचं, ढवळायचं, पुन्हा फिरवायचं. आम्ल निघत जातं तसतसे थर पाणी पिऊन सुटे होतात, फुगतात, आणि नळीच्या तळाशी बसायचं सोडून सगळं काकवीसारखं दाट होतं. या टप्प्यावर थांबायचा मोह सगळ्यांना होतो, कारण आता पाणी वेगळंच होत नाही. तात्या अशा वेळी डायलिसिसची पिशवी बांधून द्यायचे आणि ती मोठ्या बादलीत सोडायला लावायचे. रोज पाणी बदल, बास. "आंबट गेलं का बघ आधी, पोरी. नळीवर नाव घालायची घाई करू नकोस." पीएच पेपर दाखवल्याशिवाय ते बाटलीवर लेबल चिकटवू देत नसत. मी गाइडकडे तक्रार केली, तर गाइड हसून म्हणाले, "तात्या म्हणतात तसंच करा. मँगॅनीज राहिलं तर पेशी मरतील त्याच्यामुळे, आणि तुम्ही लिहाल ग्राफीनमुळे मेल्या."

हा मुद्दा माझ्या विषयाच्या मुळाशी आहे. ग्राफीन ऑक्साइड विषारी आहे की नाही, यावर उलटसुलट निष्कर्षांचा ढीग पडलेला आहे. त्यातलं बरंचसं अंतर धुण्यातलं आहे, बाकीचं तुकड्याच्या आकारातलं, थरांच्या संख्येतलं आणि पृष्ठभागावर काय लावलंय त्यातलं. नुसतं ग्राफीन म्हणणं म्हणजे माणसाचा पत्ता सांगताना नुसतं महाराष्ट्र म्हणणं. तात्यांना यातलं काही वाचायची गरज पडली नाही. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव आहे. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की बादल्या आता कोण भरतंय.

औषध वाहून नेण्याचं काम एकीकडे चालू होतं. पण मला जास्त ओढ निदानाची लागली. त्यामागचं कारण साधं: ग्राफीनमध्ये आतला भाग असा नसतोच. प्रत्येक अणू पृष्ठभागावर. एका ग्रॅमचा पृष्ठभाग, दोन्ही बाजू धरून, हिशेबाने 2630 चौरस मीटर भरतो, म्हणजे 26 गुंठे. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये असा थर ठेवला, त्यावर पायरीनचा सपाट रेणू टेकवला आणि त्याच्या टोकाला एखाद्या प्रथिनाला पकडणारं प्रतिपिंड बांधलं, की सापळा तयार. नेमकं ते प्रथिन येऊन अडकलं की त्याच्या विद्युतभाराने थरातून वाहणारा प्रवाह बदलतो. रंग लावायला नको, नमुन्यातलं द्रव्य वाढवायला नको, तासन्‌तास थांबायला नको. पडद्यावर रेघ उडी मारते, ती मी पहिल्यांदा पाहिली त्या रात्री मला झोप आली नाही.

रेघांचे ते कागद घेऊन मी एका रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. मॅडम पन्नाशीच्या, मायक्रोस्कोपवरून मान वर न करता बोलणाऱ्या. कागद पाहून म्हणाल्या, "छान. हे कशात मोजलंय?" पातळ बफरमध्ये, मी सांगितलं. "तुमच्या बफरला ताप येत नाही," त्या म्हणाल्या. "रक्तात चालतं का ते सांगा. मग या."

त्या एका वाक्यामागे जे भौतिकशास्त्र उभं आहे ते मॅडमना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांना रक्त ठाऊक होतं. रक्तात मीठ आहे. मिठाचे आयन कुठल्याही भाराभोवती गोळा होतात आणि त्याचा प्रभाव झाकून टाकतात. शरीरातल्या खारेपणात हा प्रभाव एका नॅनोमीटरच्याही आत संपतो. प्रतिपिंड स्वतःच दहा-पंधरा नॅनोमीटर उंच. म्हणजे त्याच्या टोकाला प्रथिन येऊन अडकलं, तरी खाली थराला त्याची वार्ताच पोचत नाही. शिवाय रक्तात अल्ब्युमिनची रेलचेल. ते कुठेही चिकटतं, सापळा भरून टाकतं, आणि रेघ उडी मारते ती भलत्याच पाहुण्यासाठी. यावर उपाय आहेत: प्रतिपिंडाऐवजी त्याचा लहान तुकडा किंवा डीएनएचा आखूड धागा वापरा, थरावर ग्लायकॉलचं आवरण घाला, नमुना आधी गाळून त्यातलं मीठ कमी करा. प्रत्येक उपायाला काहीतरी किंमत मोजावी लागते. माझ्या पीएच.डी.ची पुढची सगळी वर्षं त्या उपायांत गेली, आणि जे काही थोडं हाती लागलं ते मॅडमच्या त्या वाक्यामुळे लागलं. त्यांनी नुसतं वाक्य टाकून सोडून दिलं नाही. एथिक्स कमिटीचा अर्ज स्वतः बसून दुरुस्त केला, आणि तपासण्या होऊन उरलेलं सीरम, नावगाव पुसून, मला मिळण्याची सोय केली. त्या सीरमच्या नळ्यांवर फक्त आकडे असायचे. त्यामागची माणसं कोण, बरी झाली का, हे मला कळणार नव्हतं आणि कळू नये अशीच व्यवस्था होती. देणं मात्र त्यांचंही आहेच.

2019 साली कॅलिफोर्नियातल्या कियाना अरान यांच्या गटाने ग्राफीनच्या चिपवर क्रिस्पर हे डीएनएतला नेमका भाग हुडकणारं तंत्र बसवून ड्यूशेन स्नायुविकाराशी संबंधित जनुकीय बदल डीएनएच्या प्रती न वाढवता सुमारे पंधरा मिनिटांत ओळखून दाखवला, आणि 2020 साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी ग्राफीनवर प्रतिपिंडं बांधून रुग्णांच्या नाकातल्या नमुन्यांत करोनाचा विषाणू पकडला. दोन्ही निबंध मी मॅडमना पाठवले. करोनाच्या निबंधावर त्यांचं उत्तर आलं: "नमुना खरा आहे, हे आवडलं."

उपचारांच्या बाजूला सर्वांत जास्त गाजावाजा झाला तो उष्णतेचा. 2010 साली चीनमधल्या सूचो विद्यापीठातल्या जुआंग लिऊ यांच्या गटाने उंदरांच्या शिरेतून ग्लायकॉल लावलेलं नॅनोग्राफीन दिलं. ते गाठीत साठलं, वरून 808 नॅनोमीटरचा लेझर सोडला, थर तापले आणि गाठी जळून गेल्या. चित्रं खरोखर थक्क करणारी आहेत. पण उंदराची गाठ कातडीखाली असते, आणि तो प्रकाश शरीरात फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कामाचा राहतो. माणसाच्या यकृतातल्या गाठीपर्यंत तो पोचवायचा कसा? आणि नॅनोकण उंदराच्या गाठीत जितके आपसूक साठतात, तितके माणसाच्या गाठीत साठतात असा अनुभव नाही. शिवाय उरलेला माल यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतो, तो किती दिवसांनी निघतो, हेही पाहावं लागतं. एक दिलासा आहे: पांढऱ्या पेशींमधलं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम ग्राफीन ऑक्साइडचे पाण्यात नीट पसरलेले थर हळूहळू कुरतडू शकतं. माझं मत विचाराल तर उष्णतेच्या उपचारावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी निदानावर झाली असती तर आपण चार पावलं पुढे असतो. आणि ज्या उंदरांवर हे सगळं उभं आहे त्यांचा उल्लेख निबंधात एका ओळीत, संख्येपुरता येतो. आमच्या ॲनिमल हाऊसमधल्या बाई दसऱ्याला पिंजऱ्यांनाही झेंडूचं फूल लावायच्या. तेव्हा आम्ही हसायचो. आज मला ते सगळ्यात सरळ वाटतं.

उंदरांनंतर माणसं. 2024 साली एक निबंध आला: एडिंबरा आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी 14 निरोगी स्वयंसेवकांना अतिशय शुद्ध, पातळ ग्राफीन ऑक्साइड मिसळलेली हवा दोन तास श्वासात घ्यायला दिली. तोंडाला मास्क, आणि व्यायामाच्या सायकलवर पाय चालू. फुप्फुसं, रक्तदाब, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती, सगळं मोजलं. तातडीचा अपाय दिसला नाही. दीर्घकाळाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि संशोधक तो झाकत नाहीत. त्याच वर्षी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड रॉयल रुग्णालयात मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया चालू असताना एका रुग्णाच्या मेंदूवर बार्सिलोनाच्या इनब्रेन कंपनीची ग्राफीनची पट्टी थोडा वेळ ठेवण्यात आली. निरोगी भाग कुठला आणि गाठीचा कुठला, हे पेशींच्या विद्युत संकेतांवरून बारकाईने वेगळं करता येतं का, ते पाहायचं होतं. धातूच्या इलेक्ट्रोडपेक्षा ही पट्टी पातळ, मऊ, मेंदूच्या घड्या धरून बसणारी. डोक्याची कवटी उघडलेली असताना, स्वतःला त्याचा काही फायदा होईलच याची खात्री नसताना, "ठेवा, पाहा" असं म्हणणारं ते माणूस कोण, हे मला माहीत नाही. त्या सही करणाऱ्या हाताला माझा नमस्कार पोचावा असं फार वाटतं.

एक देणं माझ्या शेजारच्या काकूंचंही आहे. करोनाच्या दिवसांत त्या जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "तुमचं ते ग्राफीन लशीत घातलंय म्हणे?" वॉट्सॅपवर तो मजकूर तेव्हा जगभर फिरत होता. मी त्यांना कोविशील्डच्या माहितीपत्रकावरचे घटक वाचून दाखवले. ती लस आपल्या पुण्यातच तयार होत होती. घटक असे: हिस्टिडीन, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट 80, इथेनॉल, साखर, मीठ, इडीटीए, पाणी. ग्राफीन कुठेच नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू इतकी वर्षं ज्याच्यावर काम करतेस ते कुठं घालतात?" त्या प्रश्नाला मी तेव्हा लांबलचक उत्तर दिलं. थोडक्यात उत्तर असं: अजून बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेत, काही ठिकाणी चाचणीत, आणि औषध म्हणून कुठेच नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. ग्राफीनचं नाव सांगून कुणी कर्करोगावर बाटली, पट्टा किंवा पूड पुढे केली, तर डॉक्टरांनी चालू केलेले उपचार सोडू नका. समोरच्याला त्याच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. नव्या औषधाची माणसांवरची चाचणी आपल्या देशात सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ती नोंदवही आयसीएमआर चालवते आणि ती कुणालाही, घरबसल्या, फुकट पाहता येते.